उशीच्या उंचीवर

ओझेला मॅबरी शुक्रवारी सकाळी स्टुडिओत आली ती उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन. गळ्याभोवती निळा रुमाल बांधलेला होता. पिशवी तिने टेबलावर ठेवली, खुर्ची ओढून बसली आणि डेल्मस रकरने कॉफी ओतायच्या आत म्हणाली, "बुधवारी बर्मिंगहॅमला माझं स्वरयंत्र काढतायत."

डेल्मसचा हात किटलीवरच राहिला.

"काढतायत म्हणजे?"

"म्हणजे काढतायत. दाढ काढतात तसं. इथे एक भोक ठेवणार, त्यातून श्वास घ्यायचा." तिने रुमालावर बोट टेकवलं. "बोलणं बंद, गाणं बंद. डॉक्टर पोरसवदा आहे, पण आडवळणं घेत नाही. मला आवडला."

"दुसरा काही उपाय असेल ना?"

"डेल्मस, सगळं विचारून झालंय. शेंगा खा, गरम आहेत."

टेनेसी नदीकाठच्या त्या गावात ओझेलाचा आवाज माहीत नसलेला माणूस नव्हता. चौतीस वर्षं ती चर्चच्या गायकवृंदात पुढे उभी राहून गायली होती. तिचा नवरा थॅडियस आणि डेल्मस तरुणपणी चौघांच्या भजनी मंडळीत गायचे. थॅडियसचा खर्ज, डेल्मसचा वरचा सूर. एका जुन्या गाडीत चौघे कोंबून बसायचे आणि रविवार-रविवार करत पार मिसिसिपीपर्यंत जाऊन यायचे. पुढे मंडळी मोडली. डेल्मसने एक बंद पडलेलं बियाण्यांचं दुकान घेतलं, भिंतींना जुन्या गोधड्या टांगल्या आणि दुसऱ्यांचे आवाज टेपवर उतरवायला बसला. त्यालाही आता सत्तावीस वर्षं झाली होती.

"मला थॅडसाठी एक गाणं टेप करून हवंय," ओझेला म्हणाली. तिचा आवाज बोलतानाही कडेला झिजल्यासारखा येत होता. "तू बरेच दिवसांत आला नाहीस, म्हणून सांगते. ऊन कललं की तो बिथरतो. बूट शोधत घरभर फिरतो, गिरणीत जायचंय म्हणतो. गिरणी बंद होऊन अकरा वर्षं झाली. मग मी त्याला आडवा करते, पलंगाच्या काठावर बसते आणि उजव्या कानाशी गाते. माझी आई कपडे वाळत घालताना म्हणायची ना, ते नावेचं. दोन कडवी झाली की निवतो. गोळ्यांनी होत नाही ते त्याने होतं. बुधवारनंतर काय करू सांग."

'बरेच दिवस' म्हणजे चौदा महिने, हे दोघांनाही माहीत होतं. शेवटी गेला तेव्हा थॅडियसने दारातच त्याला विचारलं होतं, "मीटर बघायला आलास का?" ज्याच्या खांद्याला खांदा लावून वीस वर्षं गायलो, त्याने असं विचारावं हे डेल्मसच्या जिव्हारी लागलं. पुढच्या रविवारी जाऊ, पुढच्या महिन्यात जाऊ, असं करता करता त्याने जाणंच सोडून दिलं होतं.

तो उठला आणि कपाटातून कापडी पिशवीत उभा ठेवलेला जुना रिबन माइक काढून आणला. गावातलं रेडिओ केंद्र बंद झालं तेव्हा घेतलेला. विटेएवढा जड. आत दोन चुंबकांच्या मध्ये ॲल्युमिनियमची एक पट्टी सोडलेली, सिगारेटच्या वेष्टणातल्या चांदीपेक्षाही पातळ. कुणी नुसती फुंकर मारली तरी ताणून कामातून जायची. तिला आडवंसुद्धा ठेवायचं नाही, झोळ पडतो.

"हे म्हातारं कशाला?" ओझेला म्हणाली. "तुझ्याकडे नवा आहे ना तो चकचकीत?"

"नवा फार खरं बोलतो. तुझ्या घशातला चरा न् चरा मोजून दाखवील. हा जरा सांभाळून घेतो माणसाला."

त्याने माइक उंच स्टँडवर, तिच्या नाकाच्या रेषेत लावला, थोडा खाली झुकवला आणि तिला दोन हात लांब उभं केलं. ओझेलाने कॉफीचा एक घोट घेतला, डोळे मिटले आणि गायली. बारीक चिरा पडलेल्या जुन्या बशीसारखा आवाज, पण बशी अखंड होती. काचेपलीकडे बसलेल्या डेल्मसच्या अंगावर काटा आला. असं टेपिंग वर्षातून एकदा होतं.

ऐकून झाल्यावर ओझेलाने मान हलवली.

"छान आहे. पण ही कोण?"

"कोण म्हणजे? तू."

"ही चर्चमधली बाई आहे. शेवटच्या बाकावरच्या माणसाला ऐकू जावं म्हणून गाते. थॅड हिच्यासमोर टाय नीट करून ताठ बसेल. झोपेल कशाला?"

तिचं म्हणणं खरं होतं. मग त्याने तिला खुर्चीत बसवलं, माइक खाली घेतला आणि जवळ आणला, एक वीतभर अंतरावर. हळू गा म्हणाला. पण हा माइक जवळच्या माणसाला फुगवतो. तिचा खालचा सूर रांजणात बोलल्यासारखा घुमायला लागला, आणि ओठ मिटून उघडावे लागतात अशा प्रत्येक अक्षराला पट्टीवर धप्पकन वारा आदळत होता. डेल्मसने टेप थांबवला. पुन्हा अंतर वाढवलं, तर तिचा हळू आवाज खोलीतच विरून गेला. चौथ्या वेळी दुसऱ्या ओळीवर तिला ठसका लागला. ठसका थांबला तेव्हा रुमालाच्या कोपऱ्यावर तांबूस डाग होता.

"आजच्यापुरतं संपलं," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाला, दिवसाला वाटीभर आवाज आहे, जपून वाढ."

"उद्या थॅडला घेऊन ये," डेल्मस म्हणाला.

"इथे?"

"तू माइकला गातेयस. माइकला काय झोप येणार आहे?"

शनिवारी तिने यायच्या आत डेल्मसने मागच्या खोलीतली लोखंडी खाट आणून मधोमध लावली, तिच्यावर गादी आणि उशी घातली. मग तो स्वतः आडवा झाला आणि कान कुठे येतो ते पाहिलं. त्या उंचीवर, उशीच्या कडेला, माइक स्टँडवरून उलटा टांगला. समोरासमोर नाही, किंचित तिरका, म्हणजे तिचा श्वास पट्टीच्या अंगावर न जाता बाजूने निघून जाईल. भरतकामाच्या लाकडी कड्यावर बायकांचा पातळ नायलॉनचा मोजा ताणून तो मध्ये धरला. तोंडापासून माइक दीड वीत. शिवाय आणखी चार बोटं. ती चार बोटं कमी-जास्त करण्यात त्याचा सकाळचा एक तास गेला.

ह्या माइकची एक खोड होती. तो पुढून ऐकतो, पाठीमागूनही तितकंच ऐकतो, पण दोन्ही कुशींना ठार बहिरा. डेल्मसने पाठीमागे जाड गोधडी टांगली आणि उशी बरोबर माइकच्या कुशीला येईल अशी खाट सरकवली. थॅडियस पुटपुटला, खोकला, घोरला तरी टेपवर काही येता कामा नये. हे त्याने नीट विचार करून केलं होतं. पुढे त्याला हेच पुनःपुन्हा आठवत राहिलं.

दहा वाजता ओझेला आणि कोरीन थॅडियसला दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आल्या. कोरीन ही थॅडियसच्या बहिणीची मुलगी, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, चाळिशीची, आडव्या हाडाची. थॅडियस वाळला होता. पण दाढी गुळगुळीत, शर्ट इस्त्रीचा. त्याने डेल्मसकडे पाहिलं.

"मीटर बघायला आलास का?"

"हो साहेब," डेल्मस म्हणाला. "मीटर उत्तम आहे. तुम्ही जरा टेका."

"वीजवाल्यांत सभ्य माणूस पहिल्यांदाच पाहतोय, झेल," थॅडियस बायकोला म्हणाला. कोरीनने हसू दाबलं.

ओझेलाने त्याला झोपवलं, बूट काढले, त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. डेल्मसने तिचं डोकं दोन बोटांनी हलकेच वळवलं. "तोंड माइककडे. मन त्याच्याकडे. हात सोडू नकोस."

"आणि किती वेळा गायचं?"

"तुला किती वेळा जमेल?"

"एकदा," ती म्हणाली. "फार तर दीड."

डेल्मस काचेपलीकडे गेला, कानांवर हेडफोन चढवले आणि बोटाने खूण केली.

ह्या वेळी चर्चमधली बाई आली नाही. आवाज इतका जवळून आला की डेल्मसने नकळत मान कलती केली. 'नाव काठाला लागली, दोर घट्ट बांध, आता नदीचं नदीला बघू दे.' कुठे घुमणं नाही, कुठे फुंकर नाही. चरा होता, पण तो उशीच्या अभ्र्यावर हात फिरवावा तसा मऊ होऊन येत होता. डेल्मसने टेपयंत्राच्या काट्यावरची नजर काढून काचेतून बघितलं.

थॅडियसचे ओठ हलत होते.

आधी त्याला वाटलं, म्हातारा नेहमीसारखा पुटपुटतोय. मग दिसलं की छाती भरतेय, हनुवटी खाली जातेय. खर्जात उतरताना थॅडियस हनुवटी अशीच छातीकडे न्यायचा. तो गात होता. दुसरं कडवं, पूर्ण, ओझेलाच्या खाली आपला सूर लावून. हेडफोनमध्ये मात्र एकट्या ओझेलाचा आवाज होता. डेल्मसने हेडफोन उतरवले. जाड काचेतून काहीच ऐकू येईना.

आत जाऊन स्टँड जरासा फिरवला असता तर दोघंही टेपवर आले असते. पण दार उघडलं असतं की गाणं तुटलं असतं, आणि ओझेलाकडे फार तर अर्धं गाणं उरलं होतं. डेल्मस उभा राहिला. दाराच्या मुठीवर हात ठेवून तो शेवटच्या ओळीपर्यंत तसाच उभा होता.

तो आत गेला तेव्हा थॅडियस झोपला होता. कोरीन कोपऱ्यात, तोंडावर स्वेटरची बाही दाबून रडत होती.

"अंकल गात होते," ती म्हणाली. "तुम्ही ऐकलंत ना? ते टेपवर आलं ना?"

डेल्मसने नकारार्थी मान हलवली. "मी त्याला बहिऱ्या बाजूला झोपवला होता."

 ओझेलाने अजून थॅडियसचा हात सोडला नव्हता.

"डेल्मस," ती अगदी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी ऐकलं. माझ्यासाठी ते पुष्कळ आहे. आणि टेप त्याच्यासाठी आहे. त्याला स्वतःचा आवाज कशाला?"

"पुन्हा करून बघू या? मी माइक फिरवतो."

तिने तोंड उघडलं, आणि नुसता वारा आला. ती हसली आणि तिने गळ्यावर हात ठेवून नाही अशी खूण केली. त्या दिवसानंतर डेल्मसने तिचा आवाज प्रत्यक्ष कधी ऐकला नाही.

बुधवारी ऑपरेशन झालं. ओझेला अडीच आठवडे बर्मिंगहॅमला होती. कोरीन थॅडियसकडे राहायला गेली. डेल्मसने कॅसेट करून दिली होती आणि ती रोज संध्याकाळी लावली जात होती. "गुणी बाळासारखे झोपतात," कोरीनने फोनवर सांगितलं. डेल्मसला बरं वाटलं. आता तो दर रविवारी जाऊ लागला होता, मीटर पाहायला.

ओझेला घरी आल्याच्या चौथ्या दिवशी कोरीनचा पुन्हा फोन आला. "आंटी लिहून सांगतेय, तुम्ही या. आजच या."

तो गेला तेव्हा ऊन कलत होतं. ओझेलाच्या गळ्यावर पांढरा पट्टा होता आणि मांडीवर पाटी. तिने काही लिहिलं नाही, फक्त 'बघ' अशी खूण केली. कोरीनने कपाटावरच्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. थॅडियस पलंगावर पडला होता. ओझेला नेहमीसारखी काठावर बसली आणि तिने त्याचा हात धरला. आवाज सुरू झाला तसा त्याने मान कपाटाकडे वळवली. चेहरा निवला. मग आपला हात त्याने ओझेलाच्या हातातून हळूच, कुणाचा अपमान होऊ नये अशा बेताने, सोडवून घेतला.

"बाई, तुम्ही फार चांगल्या आहात," तो तिला म्हणाला. "पण माझी बायको आतल्या खोलीत गातेय. ती आली तर बरं दिसणार नाही."

ओझेलाने पाटीवर लिहिलं आणि डेल्मससमोर धरलं. 'चार दिवस झाले. रोज.' मग खाली अजून एक ओळ: 'माझाच आवाज माझी सवत झालाय.'

डेल्मसने कपाटापासून पलंगापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं. कुठून कुठे काय पोचतं, एवढंच त्याला आयुष्यात कळत होतं. तो घरी जाऊन एक लहान स्पीकर आणि लांब वायर घेऊन आला. पलंगाच्या डोक्याशी, ओझेला बसते तिच्या बरोबर खांद्यामागे, त्याने स्पीकर उशीच्या अभ्र्यात गुंडाळून टांगला. मग थॅडियसशेजारी कडेला वाकून स्वतःचा कान त्याच्या कानाजवळ नेला.

"काय करतोस रे?" थॅडियसने विचारलं.

"वायरिंग तपासतोय साहेब."

त्याने स्पीकर वीतभर खाली घेतला. मग थोडा आत. आता आवाज ओझेलाच्या हनुवटीपाशी येत होता. "ओझेला," तो म्हणाला, "तू फक्त ओठ हलव."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला वाटलं, आता ही पाटी फेकून मारणार. तिने मारली नाही. कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लागली आणि ओझेला ओठ हलवायला लागली. आपल्याच गाण्याच्या मागे जाताना पहिल्या दोन ओळी ती चुकली. तिसरीला सापडली. कुठे श्वास घेतला होता ते तिला आठवत होतं, पण आता श्वास तोंडातून येत नव्हता, पट्ट्याखालून शिटीसारखा येत होता.

थॅडियस तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"झेल," तो म्हणाला. "कुठे गेली होतीस?"

ओझेलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ओठ थांबले नाहीत. शेवटच्या ओळीपर्यंत तिने ते थांबू दिले नाहीत. कोरीन बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

हिवाळाभर हे रोज चाललं. रोजच जमायचं असं नाही. कधी तो तिला ओळखायचा, कधी 'बाई' म्हणायचा, कधी भिंतीकडे तोंड करून झोपायचा. ओझेला मात्र एकही संध्याकाळ चुकली नाही. तिला ताप होता त्या दोन दिवसांतसुद्धा ती शाल पांघरून काठावर बसली. डेल्मस रविवारी जायचा आणि स्पीकर जागचा हलला नाही ना ते बघायचा. मग ओट्यावर बसून शेंगा सोलायचा. एकदा त्याने तिला विचारलं, "दमत नाहीस?" तिने पाटीवर लिहिलं, 'एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो पूर्ण गाणं ऐकतो.'

मार्चमध्ये थॅडियसला न्यूमोनिया झाला आणि पाच दिवसांत तो गेला. शेवटच्या संध्याकाळी तिने टेप लावू दिला नाही. नुसती बसली, कपाळाला कपाळ लावून.

अंत्यविधीला पाद्री साहेबांनी विचारलं, "ती कॅसेट चर्चमध्ये लावू या का, मिसेस मॅबरी? सगळ्यांना तुमचा आवाज ऐकायचाय." तिने नकार दिला. पाटीवर लिहिलं, 'ते कानात सांगितलेलं आहे.' कॅसेट तिने थॅडियसच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मूळ टेप डेल्मसच्या कपाटात होता. तिने तो मागितला नाही आणि त्याने आपण होऊन काढला नाही.

मे महिन्यात एका सकाळी ती स्टुडिओत आली. पर्समधून लहान टॉर्चएवढं एक यंत्र काढलं. हॉस्पिटलने दिलेलं, हिवाळाभर तिने त्याला हात लावला नव्हता, कारण थॅडियस घाबरला असता. तिने ते गळ्याला टेकवलं आणि बटण दाबलं. बाटलीत माशी अडकावी तसा एक सपाट गुणगुणाट खोलीत पसरला आणि त्यातून शब्द निघाले.

"डेल्मस. कसा आहे आवाज?"

डेल्मसने खोटं बोलायचा विचार केला आणि सोडून दिला. "वाईट आहे."

तिचे खांदे हलले. हसण्याला आता आवाज नव्हता.

"एक शब्द येत नाही," यंत्र म्हणालं. "बाकी कोरीनला कळतं. हा एकच नीट येत नाही." आणि तिने नवऱ्याचं नाव घेतलं. सुरुवातीचा 'थ' 'द'सारखा ऐकू आला. शेवटी 'स'च्या जागी नुसता गुणगुणाट.

डेल्मसने खुर्ची तिच्यासमोर ओढली, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ते यंत्र धरलेला तिचा हात धरून एक बोट डावीकडे सरकवला. "आता म्हण."

तिने म्हटलं.

"जरा वर. हनुवटीच्या हाडाखाली. आता जिभेने ढकल, श्वासाने नाही."

तिने पुन्हा म्हटलं. 'थ' पुसटसा आला. दुपारी बारापर्यंत ते दोघं तसेच बसले होते, तो यंत्र अर्धं बोट इकडे, अर्धं बोट तिकडे सरकवत होता आणि ती ते नाव घेत होती. 'स' काही निघाला नाही.